कारखान्याची टाळू

आमच्या आप्पांना कुटंबी गेलं की पयलं वर बघायची सवय हुती. घरचा मानूस दारात येऊन हात जोडतोय आन आप्पा वर. लगीन असू दे, बारसं असू दे, कुनाच्या घरी मयत झालेली असू दे, आप्पा उंबऱ्यात थांबनार, मान मागं टाकनार, टोपी पडू ने म्हनून डाव्या हातानं दाबून धरनार आन छप्पर बघनार. ते बघून झालं की मग मानसाकडं वळनार. एकदा नव्या पेठेत त्यांच्या भावकीतली म्हातारी गेली. घरात समदी रडत बसलेली. आप्पांनी वर बघितलं, म्हातारीच्या थोरल्या लेकाला जवळ घेतलं, पाठीवरनं हात फिरवला आन कानात म्हनाले, "ती तिसरी पन्हळ गळनार बघ. बोल्ट खालच्या अंगाला मारलाय." ल्योक रडत रडत वर बघायला लागला. ते बघून पावनं वर बघायला लागलं. शेवटाला म्हातारी सोडून समदीच वर बघत हुती.

आप्पा म्हंजी आमी जितं कामाला हुतो त्या चादरीच्या कारखान्याचे मालक. बारा माग, तीस मानसं आन वर पत्र्याचं शेड. मी मूळची वैरागची, चवथीपतूर शाळा, लगीन हून सोलापुरात आले. आमचे हे तितं मागावर आन मी कांड्या भरायला, म्हंजी मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी घालत्यात ती चाकावर गुंडाळून द्यायची. सोनी माझी तवा चार म्हयन्याची. घरी तिला बघायला कुनी न्हाय, म्हनून तिला पदरात बांधून न्ह्यायची.

मला भ्या लई. काय काय मानसांच्या अंगात ताकद असती तसं माझ्या अंगात भ्या हाय. मागाच्या पट्ट्याचं भ्या, धोटा उडून डोळ्यात जाईल ह्याचं भ्या, आन आप्पांचं तर इतकं की ते खोकले तरी माझा धागा तुटायचा. पयल्या दिवशी मी पदर पुढं वढून उभी राहिले. आप्पांनी आदी वर बघितलं, मग पदराकडं बघितलं आन इचारलं, हे काय बांधून आनलंय. मी म्हनलं, "लेकरू हाय आप्पा, पन रडत न्हाय बगा अजिबात." हे साफ खोटं हुतं.

"न रडनारं लेकरू काय कामाचं," आप्पा म्हनाले.

मला वाटलं टोमना मारला. पन ते चालत कांड्याच्या कोपऱ्यात गेले आन वरच्या वाशाला एक लोखंडी हुक हुता तो दाखवून म्हनाले, झोळी हितं बांध. समद्या शेडात जितं लोखंड तितं गंज, पन त्या हुकाला तेल लावलेलं, गुळगुळीत. मला वाटलं सुताचे गठ्ठे वजन करायचा आसल.

आप्पा आक्कलकोटच्या पल्याडचे. घरात कानडी, भाईर मराठी, आन राग आला की दोनी एकदम. बाई मानसाला, थोरली असू दे न्हायतर धाकटी, "तंगी" म्हनायचे, म्हंजी त्यांच्यात धाकटी भन. त्यांची बायको गौरव्वा, ती मैंदर्गीला भावाकडं राहायची. वर्साला एकदा श्रावनात यायची, गव्हाची हुग्गी, म्हंजी गुळाची खीर, करून डबा आनायची, कारखान्याच्या उंबऱ्यात बसून समद्यांना वाढायची आन संध्याकाळच्या गाडीनं परत. शेडात पाय ठिवायची न्हाय. मानसं म्हनायची, तिला मागाच्या आवाजाचं भ्या वाटतंय. त्यापायी ती मला न बघताच आवडायची.

तर आप्पांचं समदं बोलनं एका जागी येऊन थांबायचं. "छप्पर म्हंजी कारखान्याची टाळू हाय, तंगी. बाळाची टाळू तेलानं भरत्यात का न्हाय? कशाला? वरनं ऊन शिरू ने म्हनून. आन हितं तीस मानसांच्या टाळूवर काय हाय? उघडा पत्रा." हे ते मला सांगायचे, मागवाल्यांना सांगायचे, टपालवाल्याला सांगायचे. खोटं काय न्हवतं त्यात. चैत लागला की आमचं शेड तव्यावानी तापायचं, सूत वाळून कुरकुरीत व्हायचं आन घडी घडीला तुटायचं, मग जमिनीवर बादल्या बादल्या पानी मारायचं, तरी अर्ध्या तासात जमीन कोरडी. आन पाऊस पडला की ताशा वाजतोय असा आवाज, शेजारच्याला हाक मारायची तर त्याच्या कानात जाऊन मारायची. आन जितं गळायचं तितं नेमकी पांढरी चादर चढवलेली असायची.

आप्पांना छप्पर बदलायचं हुतं. पन कुटलं घालायचं, हे दोन वर्सं ठरत न्हवतं. दुष्काळात ठरवायला घेतलं, दुष्काळ सरला, तरी चाललंच हुतं. नमुने घिऊन एजंट यायचे. आप्पा त्यांना च्या द्यायचे आन मग म्हनायचे, तुमचा नमुना चार इटांवर मांडा, त्याच्याखाली स्टुलावर तुमी बसा, आन बारा वाजू द्या. एक जन टाय लावलेला, सिमेंटच्या पत्र्याचा एजंट आला. त्याला भर दुपारी अंगनात बसवलं आन आप्पा लिंबाच्या सावलीत. आप्पांनी इचारलं, कसं वाटतंय. तो घाम पुसत म्हनाला, गार हाय की एकदम. आप्पा म्हनाले, "मग अजून अर्धा तास बसा. गार हाय तर घाई कशाला?" तो पुना आला न्हाय. टाय मातुर स्टुलावर इसरून गेला, ती आमी बरेच दिस सुताच्या गठ्ठ्याला बांधत हुतो.

मग आप्पांनी अंगनात चार खोपी बांधल्या, वासराला निवारा करत्यात तेवढ्या. एकीवर लोखंडी पत्रा, एकीवर सिमेंटचा पत्रा, एकीवर मंगलोरी कौलं, चवथी मोकळी, अजून सुचायचं हाय म्हनून. प्रत्येकीत एक मेनबत्ती उभी करायची आन सकाळी एक दह्याचं गाडगं ठिवायचं. चार वाजता आप्पा बघायचे. पत्र्याच्या खोपीतली मेनबत्ती कमरेत वाकून जमिनीला टेकलेली असायची. आप्पा म्हनायचे, बघा, साष्टांग घालायला लावला. मग दही. समद्यांनी रांगेनं यायचं, प्रत्येक गाडग्यातलं चमचाभर चाखायचं आन कुठलं किती आंबट ते सांगायचं. जितं ऊन जास्त तितं दही आंबट, असा हिशेब. पन तीस मानसांच्या जिभा तीस तऱ्हेच्या. भांडनं व्हायची. माझ्या शेजारी राजव्वा नावाची म्हातारी तेलुगू बाई कांड्या भरायची, तिला समदंच गोड लागायचं. आप्पा चिडले की म्हनायची, "मीठ आन मिरची दिली असती तर बरोबर सांगितलं असतं."

तरी दह्यानं एवढं सांगितलं की पत्रा समद्यात वाईट. सिमेंटचा दुपारपतूर बरा, पन एकदा तापला की सांज झाली तरी निवायचा न्हाय, आन त्यावर लिंबाची फांदी पडली तर तडा गेला. कौलं समद्यात गार. आप्पा खुश झाले. कौलं आनून कांड्याच्या कोपऱ्यावर, म्हंजी बरोबर माझ्या आन सोनीच्या डोक्यावर घातली, बघू म्हनून. पन बारा माग धडधडायला लागले की कौलं हळूहळू खाली सरकायची. दुसऱ्या दिवशी एक येऊन राजव्वाच्या चाकाम्होरं फुटलं. राजव्वा म्हनाली, टाळू भरायच्या आदी फुटायची की. आप्पांनी कौलं उतरवली.

त्याच येळेला रेघा सुरू झाल्या.

त्याचं असं, की कोपऱ्यावर नमुना चढला की आप्पा दर खेपंला येऊन भिंतीवर खडूनं चित्र काढायचे. पत्र्याला नागमोडी रेघ, कौलाला त्रिकोन. आन सोनी रडली, मी चाक सोडून उठले, की आप्पा आपल्या हापिसातनं भाईर येनार, जाकिटातलं घड्याळ काढून बघनार, आन त्या चित्राखाली एक रेघ वडनार. बोलनार काय न्हाय. परत जानार. मी सोनीला पाजून परत बसायची तर भिंतीवर ती पांढरी रेघ माझ्याकडं बघायची. मी राजव्वाला इचारलं, ह्या कशाच्या ग. राजव्वाला समदं ठाऊक असायचं, ज्याचं ठाऊक नसायचं ते जास्त ठाऊक असायचं. ती म्हनाली, "उठल्याच्या हायत. मोजतंय म्हातारं. भिंत भरली की तुला घरी बसवतंय."

मग माझ्या जिवात जीव न्हाय. काम गेलं तर एकट्या ह्यांच्यावर सोलापुरात खोली धरून राहता येत न्हवतं. मला लेकरू घिऊन वैरागला जावं लागलं असतं आन हे हितं, समदं मोडलंच म्हना. मी ह्यांना सांगितलं तर हे म्हनाले, आप्पा तसे न्हाईत. पन गडी मानसांना भिंतीवरच्या रेघा दिसत न्हाईत. मी सोनीला सांगायची, नगं रडू ग माय. ती मला बघून हसायची आन मी बसले की रडायची.

शिमग्याला आमी आप्पांना जेवायला बोलवलं. मला वाटलं पोळी खाऊन तरी रेघा कमी वडतील. ते आले, आमच्या खोलीचं छप्पर बघितलं, सुस्कारा सोडला आन बसले. मी तव्यावरची पोळी ताटात टाकली. आप्पांनी एक घास मोडला आन तसंच बघत राहिले. मला वाटलं पोळीत खडा निघाला. आप्पा म्हनाले, "वर पापुद्रा, खाली पापुद्रा. मधी पुरन बसलंय पंचावानी. वरचा भांडला तरी खालच्याला खबर न्हाय." आन ताटावरनं उठले, हाताला तूप तसंच, आन कारखान्याकडं पळाले. उरलेली पोळी ह्यांनी खाल्ली.

चवथी खोपी अशी सुचली. दोन पत्रे घ्यायचे, एकावर एक, मधी चार बोटं जागा, आन त्यात उसाचं चिपाड ठासून भरायचं. रस काढून चोथा उरतोय ते. श्रीपूरकडनं टरक भरून आनलं. समदा कारखाना त्याला पुरनाचा पत्रा म्हनायला लागला. पयला तयार झाला तो कुटं चढवायचा, तर आप्पा म्हनाले, कांड्याच्या कोपऱ्यावर. मागवाले कुरकुरले, आमी तापतोय आन बायांना आदी का. आप्पा म्हनाले, हितनंच सुरवात, आन हापिसात गेले. भिंतीवर एक गोल काढला, पोळीचा.

खरं सांगते, पयले तीन दिस सरगच हुता. बाकी शेडात मानसं घामानं निथळत्यात आन आमच्या कोपऱ्यात आंब्याखाली बसल्यावानी. सोनी झोपली. गोलाखाली तीनच रेघा.

चवथ्या दिवशी मुंगळे आले. चिपाडात साखर उरलेली असती हे कुनाच्या ध्यानात आलं न्हाय, मुंगळ्यांच्या आलं. काळी रांग भिंतीवरनं वर, एक रांग खाली. मी सोनीला उचलून राजव्वाच्या चाकावरच चढले. दुपारपतूर मुंगळे मागावर गेले आन दोन चादरीत सुताबरुबर विनले गेले. आप्पांनी त्या चादरी झटकून बघितल्या आन म्हनाले, नक्षी वाईट न्हाय.

त्यावर वळवाचा पाऊस पडला. पुरनाच्या पत्र्याच्या कडा उघड्या हुत्या, तितनं पानी आत शिरलं. वरनं चार दिस कडक ऊन. आन मग वास सुटला. आदी आंबूस, मग उग्र, मग असा की मागवाले मुद्दाम आमच्या कोपऱ्यात येऊन उभे राहायला लागले. तवा दारूबंदी हुती. कुनीतरी जाऊन सांगितलं आसल, एक पोलीस आला. मी सोनीला घिऊन सुताच्या गठ्ठ्यामागं बसले, मला वाटलं आता समद्यांना धरून नेत्यात, लेकरासकट. पोलिसानं रंगाची पिपं हुंगली, पान्याची टाकी हुंगली, राजव्वाचा डबा हुंगला. मग आप्पांनी त्याचा हात धरून आमच्या कोपऱ्यात आनला आन म्हनाले, वर बघा. पोलिसानं वर बघितलं. आप्पांनी त्याला चिपाड, पुरन, टाळू समदं सांगितलं. पोलीस म्हनाला, इतकी वर्सं नोकरी केली, दारू छपरात पयल्यांदा बघतोय. मग म्हनाला, माझ्या घराचं छप्पर बी गळतंय. आप्पा त्याच पावली त्याच्यासंगं निघाले. लोकांनी रस्त्यानं बघितलं की आप्पांना पोलीस घिऊन चाललाय, आन आमच्या गल्लीत ती बातमी आठ दिस पुरली.

आप्पांनी हार मानली न्हाय. म्हनाले, पुरन बरोबर हाय, पुरनाला चूल चुकली. चिपाड आदी धुवायचं, मग चुन्याच्या निवळीत बुडवायचं, म्हंजी साखर बी जाती, मुंगळा बी जातोय आन कुजायचं बी न्हाय. कडा डांबरानं बंद करायच्या. बोल्ट पन्हळीच्या माथ्यावर मारायचा, खोलात न्हाय, खोलातनं पानी वाहतंय. पन चुन्यातलं चिपाड वाळायला आठ-धा दिस लागनार. तवर आमच्या डोक्यावर पुना उघडा पत्रा.

आन वैशाख सुरू झालेला.

सोनीला घामोळं उठलं. पयल्या दिवशी नागमोडी चित्राखाली नऊ रेघा. दुसऱ्या दिवशी चौदा. आप्पा रेघ वडताना कपाळाला आठ्या घालून स्वताशीच म्हनाले, "चौदा." भिंत आता भरत आली हुती. राजव्वानं कनवटीचं जायफळ काढलं आन म्हनाली, सानंवर दुधात एक वेढा उगाळून दे, गुनानं झोपती, आमच्या समद्या लेकरांना दिलंय. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उगाळायला बसले. एक वेढा उगाळला आन चौदा आठवलं. दुसरा उगाळला. तिसरा हातानं आपोआपच झाला.

सोनी झोळीत टाकली ती झोपली. नऊ वाजले, धा वाजले, आकरा वाजले. मी अशा कांड्या भरल्या की तशा कधी भरल्या न्हाईत. उठून झोळीत डोकावावं असं दोनदा मनात आलं, पन उठले तर रेघ वडतील म्हनून उठले न्हाय. भिंतीवर नागमोडी चित्राखाली आजची जागा कोरी. मला वाटलं, सुटले.

दुपारी आप्पा हापिसातनं आले. उंबऱ्यात थांबले. पन वर बघितलं न्हाय. भिंतीकडं बघितलं.

"तंगी, आज रेघ न्हाय?"

मी म्हनलं, "न्हाय आप्पा. आज एकदा बी उठले न्हाय बगा."

मला वाटलं शाब्बास म्हनतील. त्यांचं तोंड चुना फासल्यावानी पांढरं झालं. त्यांनी पयलं जाऊन मोठा दांडा खाली वढला आन बाराच्या बारा माग एकदम थांबले. कारखाना तसा गप झालेला मी कधी ऐकला न्हवता, कानात शिट्टी वाजायला लागली. आप्पांनी सोनीला झोळीतनं उचललं आन पळाले. सत्तरीचा मानूस, धोतर एका हातात, टोपी कुटं पडली कळलं न्हाय. मी मागं, माझ्या मागं हे, ह्यांच्या मागं समदी. भाईर पान्याची टाकी हुती, तितं आप्पांनी वंजळीनं पानी घिऊन सोनीच्या टाळूवर थापलं, परत थापलं, आन "मगळे, मगळे" म्हनत हुते, म्हंजी त्यांच्यात लेकीला हाक. सोनीची मान लुळी.

मग सोनी शिंकली. डोळं उघडलं, आप्पांच्या मिशा बघितल्या आन असा टाहो फोडला की पल्याडच्या कारखान्यातनं मानसं बघायला आली.

आप्पा टाकीच्या कडंला, चिखलातच बसले. "रडतिया," ते समद्यांना सांगत हुते, जसं काय कुनाला ऐकूच येत न्हाय. "रडतिया बगा."

मी त्यांच्या पायाशी बसले आन खरं सांगितलं. जायफळ दिलं म्हनलं. त्यांनी इचारलं, किती. तीन वेढं. त्यांनी इचारलं, कशापायी. मी रेघांचं सांगितलं, भिंत भरली की घरी बसवनार ते सांगितलं, वैरागचं सांगितलं. राजव्वा मागल्या मागं पान्याच्या पिपाआड गेली.

आप्पांनी धोतराच्या सोग्यानं सोनीची टाळू पुसली. मग म्हनाले, "त्या रेघा तुज्या न्हाईत, तंगी. तिच्या हायत. दही चार वाजता सांगतंय. लेकरू लगेच सांगतंय. रडली की मी मनात म्हनायचो, हाय. आन रेघ वडायचो."

मग हळू म्हनाले, बाकीच्यांना ऐकू गेलं का न्हाय ठाऊक न्हाय, "आमची चन्नव्वा त्याच हुकाला झोपायची. दोनच माग हुते तवा. तिची आई कांड्या भरायची. असाच वैशाख. त्या दिवशी लई गुनानं झोपली. आमी म्हनलं, झोपू दे, काम हुतंय. दोन चादरी जास्त निघाल्या त्या दिवशी."

सोनीच तेवढी रडत हुती आन तिला कुनी गप केलं न्हाय.

दुसऱ्या दिवसापासनं आप्पांनी कायदा केला की कांड्याच्या बायांनी लेकरू रडलं की उठायचं, न उठली तर मातुर घरी बसवनार. राजव्वाचं जायफळ मागून घेतलं आन हापिसात कुलपात ठिवलं. सोनीला आन मला वाळनाऱ्या चिपाडाच्या बाजूला, लिंबाखाली बसवलं, चाकासकट. आन चुन्याचं चिपाड वाळल्यावर नवा पुरनाचा पत्रा चढला. चढवल्यावर आप्पांनी खाली जमिनीवर रांगोळी पसरली, सपाट, आन दोन गड्यांना वर चढवून तासभर बादल्या वतायला लावल्या. थेंब पडला तर रांगोळीत खड्डा दिसल म्हनून. आमी समदी वाकून रांगोळी बघत हुतो. खड्डा न्हाय. एकच दिसला, तो आप्पांच्या घामाचा निघाला. मुंगळे आले न्हाईत, वास आला न्हाय, पोलीस एकदा आला पन तो आपल्या घराचं पुरन कधी करायचं ते इचारायला. आशाढापतूर समद्या शेडावर पुरनाचा पत्रा झाला. एकट्या हापिसावर तेवढा घातला न्हाय, तितं जुनाच पत्रा. आमी इचारलं तर म्हनाले, चिपाड सरलं.

श्रावनात गौरव्वा आली. बारीक, वाळलेली बाई, डोईवर पदर, हातात हुग्गीचा डबा. उंबऱ्यात बसली आन समद्यांना वाढायला लागली. आप्पा आतल्या अंगाला उभे, ती भाईरच्या अंगाला, मधी उंबरा. दोघं बोलली ती एवढंच की तूप आनलंय का. मी सोनीला घिऊन हुग्गी घ्यायला गेले. गौरव्वानं सोनीकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरनं आत बघितलं. कांड्याच्या कोपऱ्यात झोळी लोंबत हुती.

डबा तसाच ठिवला आन ती उठली. माग चालू हुते. ती आत आली, भिंतीला हात लावत लावत, आवाजाचं भ्या तिला न्हवतंच. हुकाखाली जाऊन थांबली. मी सोनीला तिच्या हातात दिलं. तिनं सोनीच्या टाळूवर आपला तळवा ठिवला आन तसाच ठिवून उभी राहिली, लई येळ.

"तंप अद," म्हनाली. गार हाय.

अनोळखी हात बघून सोनीनं तोंड वाकडं केलं आन रडायला लागली. मी घ्यायला पुढं झाले, पन गौरव्वानं मान हलवली. आप्पा जाकिटाचं खिसं चाचपत हुते, ह्या खिशात न्हाय, त्या खिशात न्हाय, आन खडू हातात आला तो सुटून खाली पडला. गौरव्वानं सोनीला कडंवर घेतलं, वाकून खडू उचलला, भिंतीवरच्या रेघा बघितल्या आन त्या पोळीच्या गोलाखाली एक रेघ वडली. जरा वाकडी आली. मग मान मागं टाकून, डाव्या हातानं पदर दाबून धरून, ती छप्पर बघायला लागली, ह्या टोकापासनं त्या टोकापतूर.

आप्पांनी मातुर त्या दिवशी वर बघितलं न्हाय.